ऑनलाइन कॅसिनो, आयडी आणि आपले कागद: नाशिककरांनी वारंवार विचारलेले प्रश्न

सातपूरला माझं छोटं सेवा केंद्र आहे. झेरॉक्स, पॅन, उत्पन्नाचा दाखला, लाइटबिल, असली सगळी कामं. दोनेक वर्षं झाली, एक वेगळंच गिऱ्हाईक यायला लागलंय. ते काउंटरपाशी मोबाइल बघत उभं राहतं, गर्दी कमी व्हायची वाट बघतं आणि दुकान रिकामं झालं की हळू आवाजात विचारतं, दादा, गेमवाल्याला आधार दिलंय, ते काढून घेता येतं का. अंबडच्या कंपनीतली पोरं असतात, कॉलेज रोडची असतात, एकदा तर निफाडहून एक काका मुलाचा मोबाइल घेऊन आले होते. हरलेल्या पैशाचा हिशोब सगळ्यांना तोंडपाठ असतो पण कुठला कागद कुणाला पाठवला ते कुणालाच नीट आठवत नाही, आणि पुढचा त्रास बहुतेक वेळा त्या कागदांमुळेच होतो, म्हणून तेच तेच प्रश्न इथे एका ठिकाणी लिहून ठेवतोय.

ऑनलाइन कॅसिनो चालू आहे की बंद? जाहिराती तर अजून येतात.

कायद्याने बंद. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन गेम, मग तो नशिबाचा म्हणा नाहीतर डोक्याचा म्हणा, तो देणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत आणि ५० लाखांपर्यंत, आणि पैशाचे व्यवहार करून देणाऱ्यालाही पहिल्याइतकीच शिक्षा. रमी, तीन पत्ती, रूलेट, ते विमान उडवायचं, सगळं त्यात आलं.

आता याचा तुमच्या कागदांशी संबंध काय ते बघा. आजही जो तुमच्याकडून डिपॉझिट घेतोय तो कायद्याच्या बाहेर उभा राहून घेतोय. साइटच्या तळाशी तुमची माहिती सुरक्षित ठेवतो वगैरे लांबलचक लिहिलेलं असतं, पण ते पाळलं नाही तर त्याला ओढणार कुठे, ना ऑफिसचा पत्ता ना माणसाचं खरं नाव. कुरासाओचं लायसन्स दाखवतात. ते नुसतं चिकटवलेलं चित्रही असू शकतं, आणि खरं असलं तरी दूरच्या एका बेटाचं आहे, तुमचं आधार विकलं गेलं तर नाशिकमध्ये बसून त्याचा उपयोग शून्य. माझं मत विचाराल तर खेळूच नका. पण माझ्याकडे येणारे बरेच जण आधीच सगळं देऊन बसलेले असतात, त्यांच्यासाठी पुढचं.

मी स्वतः खेळलोय. तक्रार द्यायला गेलो तर मीच अडकेन का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याच भीतीने लोकं महिनोन्‌महिने गप्प बसतात. त्या नव्या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेलीच नाही. शिक्षा आहे चालवणाऱ्याला, जाहिरातवाल्याला आणि पैसे फिरवून देणाऱ्याला. तुमचं आधार वापरून कुणी सिम काढलं, लोन घेतलं, तर तुम्ही पीडित आहात, आयटी कायद्याच्या कलम ६६सी मध्ये दुसऱ्याची ओळख चोरून वापरणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तक्रार करताना जे झालं ते खरं सांगा, 'मी काही खेळलो नाही, आपोआप पैसे गेले' असं लिहू नका, बँक स्टेटमेंटमध्ये सगळं दिसतं आणि मग खऱ्या गोष्टीवरही विश्वास बसत नाही.

एवढे कागद मागतातच कशाला?

परदेशात जिथे कॅसिनो लायसन्सवर चालतात तिथे केवायसी खरंच लागतं, वय बघायला आणि काळा पैसा फिरू नये म्हणून. बेकायदा साइटवाले त्याच नावाखाली मागतात पण मागायची वेळ बघा. पैसे भरताना कुणी काही विचारत नाही, क्यूआर स्कॅन करा आणि सुरू. जिंकल्यावर विड्रॉल टाकला की मग आधारचे दोन्ही फोटो, पॅन, कॅन्सल चेक, आधार हातात धरून सेल्फी. त्या वेळी माणसाला समोर आपले ८-१० हजार अडकलेले दिसत असतात, तो काहीही पाठवतो. पाठवल्यावर कधी पैसे येतात, कधी आणखी एक कागद मागतात, कधी ५ टक्के 'टॅक्स' आधी भरा म्हणतात. खरा टॅक्स जिंकलेल्या रकमेतून कापला जातो, खेळणाऱ्याकडून वेगळा मागवून घेत नाहीत. असं काही मागितलं की तिथेच थांबा, त्या अडकलेल्या पैशाच्या मागे आणखी कागद घालवू नका.

कागद सोडून आणखी काय काय जातं आपलं?

मोबाइल नंबर, ईमेल, फोनचं मॉडेल, आयपी पत्ता, त्यावरून अंदाजे गाव. लोकेशनची परवानगी दिली असेल तर गल्ली. पण मला जास्त गंभीर वाटतं ते दुसरंच, तुम्ही रात्री किती वाजता खेळता, पगार झाल्यावर किती लावता, हरल्यावर किती वेळाने परत भरता, हे सगळं तिथे नोंदलं जातं आणि त्यावरूनच बोनसचा मेसेज नेमका तुम्ही कच्चे असता तेव्हा येतो. ही माहिती फुटतेही. जानेवारी २०१९ मध्ये एका ऑनलाइन कॅसिनो ग्रुपचा सर्व्हर पासवर्डशिवाय उघडा सापडला होता, त्यात लावलेल्या १० कोटी ८० लाख पैजांच्या नोंदी होत्या, आणि त्यांच्यासोबत खेळणाऱ्यांची नावं, घरचे पत्ते, फोन नंबर, कोण किती जिंकला तेही. कोण जिंकलंय आणि त्याचं घर कुठे आहे हे एकाच यादीत असणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

मी तर व्हॉट्सअ‍ॅपवरून आयडी (खेळायचं तयार खातं) घेतली, कागद काहीच दिले नाहीत. मग मी सेफ ना?

नाही. तुमचा नंबर आणि डीपी त्याच्याकडे आहे, आणि यूपीआयने पैसे टाकले की बँकेत नोंदलेलं तुमचं पूर्ण नाव समोरच्याला दिसतं. बऱ्याच जणांच्या यूपीआय आयडीतच मोबाइल नंबर असतो. विड्रॉलसाठी खातं नंबर आणि आयएफएससी दिला म्हणजे ब्रँचसुद्धा कळली. एवढ्यावर पुढची फसवणूक रचायला भरपूर होतं.

ही आयडी देणारी माणसं म्हणजे नुसती वरची कडी असते. महादेव अ‍ॅपच्या तपासात ईडीने सांगितलं होतं की ते बेटिंग साइटना माणसं जोडून द्यायचे, आयडी बनवून द्यायचे आणि पैसा बेनामी बँक खात्यांच्या थरांमधून फिरवायचे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने महादेवसकट २२ अ‍ॅप आणि साइट ब्लॉक केल्या. म्हणजे तुम्ही 'अमक्या भाऊकडून आयडी घेतली' म्हणता तेव्हा त्या भाऊच्या मागे किती हात आहेत आणि तुमचा नंबर त्यातल्या किती जणांकडे गेला ते तुम्हाला कधीच कळत नाही.

प्ले स्टोअरवर नव्हतं म्हणून लिंकवरून एपीके (अ‍ॅपची फाइल) टाकली. काही होतं का?

होतं, आणि हे कागदापेक्षा पटकन होतं. बाहेरून टाकलेलं अ‍ॅप एसएमएसची परवानगी मागतं, ती दिली की बँकेचा ओटीपी तुमच्या आधी त्याच्याकडे पोचतो. कॉन्टॅक्टची परवानगी दिली की सासरच्या माणसांपासून सुपरवायझरपर्यंत सगळे नंबर गेले. आणि अ‍ॅक्सेसिबिलिटी नावाची एक परवानगी असते, ती खरं तर ज्यांना नीट दिसत नाही अशा माणसांसाठी बनवलेली आहे, ती दिली की अ‍ॅप तुमची स्क्रीन वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतं. पत्त्यांच्या गेमला ही परवानगी लागायचं काही कारणच नाही.

टाकलंच असेल तर आधी फोनचा डेटा आणि वायफाय बंद करा. मग सेटिंगमध्ये जाऊन अ‍ॅक्सेसिबिलिटी काढा आणि मगच अ‍ॅप काढा, कारण ती परवानगी चालू असेपर्यंत काही अ‍ॅप स्वतःला काढूच देत नाहीत. ##००२# डायल करा, म्हणजे कुणी तुमचे कॉल दुसरीकडे वळवले असतील तर ते बंद होतात. नेटबँकिंगचा आणि ईमेलचा पासवर्ड घरातल्या दुसऱ्या फोनवरून बदला, त्याच फोनवरून बदलला तर नवा पासवर्डही त्यालाच मिळायचा. फोटो वगैरे दुसरीकडे काढून ठेवा आणि फॅक्टरी रिसेट मारा. अर्धा दिवस जातो, जाऊ द्या.

विड्रॉल आला आणि दुसऱ्या आठवड्यात खात्याला होल्ड लागला. बँक म्हणते दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांनी लावलाय. माझा काय संबंध?

निफाडचे काका याच कामासाठी आले होते. मुलाने गेममधून जिंकलेले ४ हजार वडिलांच्या खात्यात मागवले, कारण त्याचं स्वतःचं खातं नव्हतं. त्याच खात्यात लासलगाव मार्केटचं कांद्याचं पेमेंट आलेलं. होल्ड लागला तो सगळ्या खात्याला लागला, औषध-खताचे पैसे द्यायचे होते आणि काका एटीएमसमोर उभे.

हे असं होतं की साइटवाला तुम्हाला स्वतःच्या खात्यातून पैसे पाठवतच नाही. कुठेतरी कुणाला तरी शेअर ट्रेडिंगच्या नाहीतर डिजिटल अरेस्टच्या नावाने फसवलेलं असतं, तो पैसा भाड्याच्या खात्यात येतो आणि तिथून तुमचं विड्रॉल म्हणून तुमच्याकडे येतो. फसलेल्या माणसाने तिकडे तक्रार केली की पोलीस पैशाच्या मागे मागे येतात आणि त्या साखळीत तुमचं खातं सापडतं. जप्तीचा हा अधिकार पोलिसांना बीएनएसएस म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ मध्ये आहे. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, जिंकून आलेले पैसे पण धोक्याचेच, हरलेले तर गेलेच.

करायचं काय, तर ब्रँचमध्ये जाऊन तोंडी भांडू नका, अर्ज लिहा. होल्ड कुठल्या पोलीस ठाण्याने लावला, तक्रारीचा नंबर काय, वादातली रक्कम किती, हे तिन्ही लेखी मागा आणि अर्जाच्या कॉपीवर शिक्का घ्या. मग त्या पोलीस ठाण्याला ईमेलवर स्टेटमेंट, मार्केटच्या पावत्या, पैसे कुठून आले त्याची खरी हकीकत पाठवा, आणि वादातल्या रकमेपुरताच होल्ड ठेवून बाकी खातं मोकळं करावं अशी विनंती करा. वेळ लागतो. काकांनी पहिले पंधरा दिवस नुसते बँकेत चकरा मारण्यात घालवले, कारण लेखी काही मागायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मित्र म्हणतो तुझं एक खातं वापरायला दे, महिन्याला ठरावीक पैसे देतो.

अजिबात देऊ नका. वर ज्या भाड्याच्या खात्याची गोष्ट सांगितली ते हेच. पासबुक, एटीएम, सिम आणि नेटबँकिंगचा पासवर्ड असा 'किट' मागतात. त्यात फिरलेल्या प्रत्येक रुपयावर तुमचं नाव असतं, आणि इथे तुम्ही खेळणारे राहत नाही, व्यवहार करून देणारे ठरता. कॉलेजची पोरं यात फार पटकन सापडतात, हे लिहिताना मला खरंच वाईट वाटतंय. आधीच दिलं असेल तर आजच बँकेत जाऊन खातं बंद करायला सांगा आणि सायबर पोलिसांकडे स्वतःहून जा, पोलीस शोधत येण्यात आणि तुम्ही आपणहून जाण्यात फार फरक पडतो.

आधार देऊन बसलोय. आता परत तर घेता येणार नाही, मग करू तरी काय?

फोटो परत येत नाही आणि आधार नंबर बदलूनही मिळत नाही. पण त्या आधाराने पुढे काय काय करता येईल ते अडवता येतं.

पहिलं, बायोमेट्रिक लॉक करा. एमआधार अ‍ॅपमधून नाहीतर यूआयडीएआय म्हणजे आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या साइटवरून होतं, पैसे लागत नाहीत. लॉक केलं की तुमच्या बोटांचा ठसा वापरून कुणी अंगठ्यावर पैसे काढू शकत नाही. रेशनला किंवा दाखल्याला लागलं तर तेवढ्यापुरतं उघडता येतं. दुसरं, त्याच साइटवर गेल्या ६ महिन्यांत तुमचं आधार कुठे कुठे तपासलं गेलं त्याची यादी दिसते. आमच्याकडे एका पोराच्या यादीत ज्या दिवशी तो ड्युटीवर होता त्या दुपारची ओटीपीची नोंद निघाली, त्यावरून पुढचं सगळं कळलं. काही समजलं नाही तर १९४७ वर फोन करा, मराठीत बोलतात.

तिसरं, संचार साथी ही सरकारी साइट. तिथे आपला नंबर आणि ओटीपी टाकला की आपल्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं. एका माणसाच्या नावावर महाराष्ट्रात जास्तीत जास्त ९ चालतात, आणि बऱ्याच जणांना आपल्या नावावर ४-५ आहेत हेच माहीत नसतं. जे आपलं नाही त्यावर 'माझा नंबर नाही' करा.

आणि इथून पुढे कुणालाही आधार द्यायचं असेल, अगदी लॉजवर सुद्धा, तर मास्क केलेलं द्या, त्यात फक्त शेवटचे ४ आकडे दिसतात. यूआयडीएआयच्या साइटवरून डाउनलोड होतं. प्रिंटवर पेनाने तारीख आणि कशासाठी दिलं ते आडवं लिहा, मजकुरावरूनच जाऊ द्या, कोपऱ्यात लिहिलं तर कापून टाकतात.

पॅनचं काय? आधारएवढं धोक्याचं नाही ना ते?

उलट पैशाच्या बाबतीत पॅनच जास्त धोक्याचं. त्यावर लोन निघतं. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, आरबीआयचा नियम आहे. एकदम चारही काढू नका, तीन तीन महिन्यांनी एकेक काढा, म्हणजे वर्षभर लक्ष राहतं. इन्कम टॅक्सच्या साइटवर एआयएस म्हणजे वर्षभराच्या व्यवहारांची यादी बघा, तिथे अनोळखी बँकेचं ५०-१०० रुपयांचं व्याज दिसलं तर तुमच्या नावाने कुणीतरी खातं उघडलंय. आणि जीएसटीच्या साइटवर लॉगिन न करता पॅन टाकून शोधता येतं की त्या पॅनवर कुणी जीएसटी नंबर काढलाय का. ही शेवटची गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते, पण दोन मिनिटांचं काम आहे, हे वाचून झालं की लगेच करून बघा.

आधार धरून काढलेल्या सेल्फीने एवढं काय होतं?

नुसत्या आधाराच्या फोटोने जिथे अडतं तिथे ती सेल्फी चालते. चेहरा आणि कागद एकाच फोटोत म्हणजे 'हा माणूस स्वतः हजर होता' असं समोरच्याला वाटतं. व्हिडिओत मान डावीकडे करा, डोळे मिचकवा असं सांगितलं असेल तर ते आणखी वाईट. असा फोटो किंवा व्हिडिओ दिला असेल तर वरचं सगळं आजच करा, रविवारची वाट बघू नका.

यूपीआय बरं की कार्ड बरं?

दोन्ही नकोत. पण कार्ड आधीच टाकून बसला असाल तर फरक समजून घ्या. आपल्याकडच्या दुकानांना आणि अ‍ॅपना पूर्ण कार्ड नंबर साठवून ठेवायला आरबीआयने बंदी केलीये, ऑक्टोबर २०२२ पासून त्याच्या जागी टोकन म्हणजे बदली नंबर चालतो. परदेशी साइटला हा नियम कोण लावणार, आणि बाहेरच्या साइटवर ओटीपी न विचारताही कार्डातून पैसे जाऊ शकतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन इंटरनॅशनल व्यवहार बंद करा आणि ते कार्ड ब्लॉक करून नवीन मागवा. यूपीआयमध्ये ऑटोपेचा भाग उघडून बघा, नकळत मंजूर केलेलं काही असेल तर काढून टाका. पैसे 'घेण्यासाठी' पिन कधीच लागत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं तरी विड्रॉलच्या घाईत चुकतातच.

पासवर्ड सगळीकडे एकच आहे, चालतंय ना?

चालत नाही. अमेरिकेतल्या ड्राफ्टकिंग्स या मोठ्या बेटिंग कंपनीत नोव्हेंबर २०२२ मध्ये जवळपास ६८ हजार खात्यांमध्ये चोर घुसले. ते कंपनीचं कुलूप तोडून घुसले नव्हते, दुसऱ्याच साइटवरून फुटलेले ईमेल-पासवर्ड त्यांनी इथे लावून बघितले आणि ज्यांचे एकच होते त्यांची खाती उघडली. तुमच्या बाबतीत उलटं होईल, गेमवाल्याकडून फुटेल आणि जीमेल उघडेल. जीमेल उघडलं की सगळंच उघडलं. म्हणून निदान ईमेलचा आणि बँकेचा पासवर्ड वेगळा ठेवा आणि ईमेलला टू-स्टेप चालू करा.

व्हीपीएन (आपला आयपी पत्ता लपवणारं अ‍ॅप) लावून खेळलं तर कुणाला कळत नाही म्हणतात.

ज्याला तुम्ही आधार, पॅन आणि सेल्फी पाठवली त्याच्यापासून व्हीपीएन काय लपवणार? फुकटच्या व्हीपीएनला तर तुमची माहिती विकूनच पोट भरायचं असतं. शिवाय सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या आदेशानुसार व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची माहिती ५ वर्षं ठेवायची आहे.

क्रिप्टोने भरलं तर?

क्रिप्टो विकत घेताना एक्स्चेंजला केवायसी दिलेलंच असतं, आणि ब्लॉकचेनवरची म्हणजे क्रिप्टोच्या उघड्या वहीतली नोंद कुणीही बघू शकतं, ती पुसताही येत नाही. बँकेकडे निदान तक्रार तरी करता येते.

माझं अ‍ॅप तर मोठ्या भारतीय कंपनीचं होतं, कायदा आल्यावर त्यांनी पैशाचे गेम बंद केले. त्यांच्याकडच्या माझ्या कागदांचं काय?

हा वेगळा मामला आहे, इथे तुम्हाला खरंच काही मागता येतं. आपल्याकडे डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. नियमांत ५० लाखांहून जास्त युजर असलेल्या गेमिंग कंपन्यांसाठी वेगळी तरतूदच आहे, युजर ३ वर्षं फिरकलाच नाही तर त्याची माहिती पुसायची आणि पुसायच्या ४८ तास आधी त्याला कळवायचं. माहिती नीट सांभाळली नाही तर २५० कोटींपर्यंत दंड होऊ शकतो.

तोपर्यंत थांबायची गरज नाही. आधी अडकलेला बॅलन्स काढून घ्या, आपलं स्टेटमेंट डाउनलोड करून ठेवा, मग अ‍ॅपमधून खातं बंद करा आणि तक्रार अधिकाऱ्याला ईमेल टाका की माझं केवायसी आणि बँक तपशील पुसून टाका आणि काय ठेवलं, कुठल्या कायद्याखाली ठेवलं ते कळवा. टॅक्सचे काही रेकॉर्ड त्यांना ठेवावेच लागतात, ते मान्य करा, पण जाहिरातीसाठी तुमचा नंबर ठेवायचं काही कारण नाही.

हा डेटाचा कायदा भारतातल्या लोकांना सेवा देणाऱ्या बाहेरच्या साइटनाही कागदावर लागू होतो. पण ज्याचा पत्ताच नाही त्याला नोटीस कुठे पाठवणार, म्हणून बेकायदा साइटच्या बाबतीत त्यावर भरवसा ठेवू नका.

अ‍ॅप डिलीट केलं म्हणजे सुटलो ना?

फोनमधून गेलं. त्यांच्याकडून काहीच गेलं नाही.

गेमवाले म्हणतायत पैसे भर, नाहीतर तू जुगार खेळतोस हे तुझ्या सगळ्या कॉन्टॅक्टला पाठवतो.

पैसे देऊ नका. एकदा दिले की देणारा सापडला म्हणून रक्कम वाढते, एका पोराने तीनदा दिले तरी चौथा मेसेज आलाच. ही खंडणी आहे, बीएनएस म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८. मेसेज, नंबर, यूपीआय आयडी सगळ्याचे स्क्रीनशॉट काढा आणि ते काढून झाल्यावर ब्लॉक करा, आधी ब्लॉक करून चॅट उडवलं तर हातात पुरावा राहत नाही.

आणि एक काम करा, जड जाईल पण करा. घरातल्या एका माणसाला आजच सांगा. बायको, भाऊ, मामा, जो ओरडेल पण सोडून जाणार नाही असा. धमकी देणाऱ्याकडे तुम्हाला घाबरवायला एकच गोष्ट असते, घरी कळेल ही. घरी आधीच कळलेलं असलं की त्याच्याकडे काही उरत नाही. असं घाबरून, कुणाला काही न सांगता जिवाचं बरंवाईट करायच्या विचारापर्यंत पोचलेली माणसं असतात, आणि ज्या गोष्टीसाठी ती घाबरलेली असतात ती घरच्यांनी दोन दिवसांत पोटात घातली असती. तसा विचार मनात येत असेल किंवा खेळणं सुटतच नसेल तर टेलिमानसचा १४४१६ नंबर लावा, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

एकाचा फोन आला, तो म्हणतो गेममध्ये गेलेले पैसे परत मिळवून देतो. त्याला माझी रक्कम पण बरोबर माहीत होती.

रक्कम बरोबर माहीत होती म्हणूनच तो चोर. हरलेल्या लोकांच्या याद्या विकल्या जातात, कधी तीच टोळी दुसऱ्या नावाने फोन करते. सायबर सेलमधून बोलतोय, वकील आहे, काहीही सांगतील आणि फाइल चार्ज मागतील. पोलीस तक्रारीला पैसे लागत नाहीत.

अमक्या क्रिकेटरने जाहिरात केलीये, मग खोटं कसं असेल?

जानेवारी २०२४ मध्ये खुद्द सचिन तेंडुलकरला सांगावं लागलं की गेमिंग अ‍ॅपची जाहिरात करणारा त्याचा तो व्हिडिओ बनावट आहे. चेहरा तोच, आवाज तसाच. व्हिडिओवरून ठरवू नका.

नातवाने माझ्या मोबाइलवर खेळून माझेच कागद टाकले. आता?

आधी त्याला मारझोड करू नका आजोबा, नाहीतर तो कुठे काय टाकलं ते सांगणारच नाही आणि तीच माहिती आपल्याला हवी आहे. शेजारी बसवा, फोनची गॅलरी आणि व्हॉट्सअ‍ॅप दोघं मिळून बघा, कुठला फोटो कुठल्या तारखेला कुणाला गेला ते वहीत लिहा. मग आधार लॉक, संचार साथी, बँकेत कळवणं, या क्रमाने. पेन्शनचं खातं आणि मोबाइलमधलं यूपीआयचं खातं वेगळं ठेवा, यूपीआयच्या खात्यात भाजीपाल्याएवढेच पैसे.

नाशिकमध्ये तक्रार कुठे करायची?

पैसे नुकतेच गेले असतील तर आधी १९३०, बाकी सगळं नंतर. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात उड्या मारत असतात, जितक्या लवकर फोन तितकी ते वाटेत अडवले जायची शक्यता जास्त. फोन लावताना यूपीआयचा १२ आकडी व्यवहार नंबर जवळ ठेवा. मग सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार भरा, त्याची पावती जपून ठेवा. शहरात राहत असाल तर नाशिक शहर सायबर पोलीस, आणि सिन्नर, दिंडोरी, निफाड, येवला बाजूचे असाल तर नाशिक ग्रामीणचं सायबर. हद्दीवरून कुणी परत पाठवलं तर झिरो एफआयआर शब्द वापरा, तक्रार कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते आणि पुढे ती योग्य ठाण्याला जाते.

तुमच्या नकळत, तुम्ही काही मंजूर न करता खात्यातून पैसे गेले असतील तर बँकेला ३ कामाच्या दिवसांत कळवा. चूक तुमची नसेल आणि बँकेचीही नसेल तर आरबीआयच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे तो तोटा तुमच्यावर येत नाही. स्वतः क्यूआर स्कॅन करून भरलेल्या डिपॉझिटला हे लागू होत नाही.

तुमच्या दुकानात आम्ही आधार देतो, व्हॉट्सअ‍ॅपवर पॅन पाठवतो, त्याचं काय होतं?

हे एका मावशींनी विचारलं आणि विचारलं ते बरं केलं. पूर्वी माझ्याकडे पण डाउनलोडच्या फोल्डरमध्ये लोकांचे कागद महिनोन्‌महिने पडून असायचे, चुकीचंच होतं ते. आता काम झालं की तुमच्यासमोर फाइल उडवतो, रिसायकल बिन रिकामा करतो, व्हॉट्सअ‍ॅपची चॅट पुसतो, बिघडलेली झेरॉक्स फाडून तुमच्याच हातात देतो. नाशिकरोडला पासपोर्ट छापतात तिथे भिंतीवर किती तारा आणि पहारा आहे ते आपण येता-जाता बघतो, आणि आपल्याच ओळखीचे कागद आपण कुणाच्याही कॉम्प्युटरवर सोडून येतो. त्यामुळे माझ्याकडेच काय, कुठल्याही झेरॉक्सवाल्याकडे गेलात तर स्क्रीन स्वतःकडे वळवायला सांगा आणि फाइल उडेपर्यंत तिथून हलू नका, मागे लाइन असली तरी.